आपला नंबर कितवा?

माणसं जगात एकेक करून येतात, ही सोय परमेश्वराने फार विचारपूर्वक केलेली असावी. सगळी एकदम आली असती तर ज्येष्ठता यादी लावायची कशी? जुळ्यांच्या बाबतीतसुद्धा 'हा पाच मिनिटांनी मोठा' असं सुईण आधी सांगते आणि बाळंतीण कशी आहे ते मागाहून. त्या पाच मिनिटांच्या भांडवलावर थोरला आयुष्यभर धाकट्याला 'माझं ऐक' म्हणत राहतो. धाकटा ऐकत नाही, तो प्रश्न वेगळा. पण यादीत तो खाली तो खालीच.

आपल्याकडे घरात थोरली जाऊ असते, पंगतीत पहिला पाट असतो, लग्नात आधी कुणाला टोपी-उपरणं द्यायचं यावरून दोन पिढ्यांचं बोलणं बंद होऊ शकतं. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांनासुद्धा नंबर असतात, काही रथाच्या पुढच्या, काही रथाच्या मागच्या. साक्षात विठ्ठलाला भेटायला निघालो तरी आपण आपला नंबर सोडत नाही.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक 'जमा' बाजू आणि एक 'नावे' बाजू असते आणि शेवटी दोन्हींचा ताळा जुळतो, अशी माझी भाबडी समजूत कॉलेजातच करून देण्यात आली. नोकरीत आल्यावर कळलं की या दोन बाजूंशिवाय तिसरी एक गोष्ट असते, तिचं नाव सिनिऑरिटी लिस्ट. ही यादी शाखेत येते त्या दिवशी काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने फार अपेक्षा ठेवू नयेत. सगळा स्टाफ त्या कागदावर असा वाकलेला असतो की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाला तरी फीट आली आहे. प्रत्येकजण आधी आपलं नाव शोधतो. मग लगेच वरच्या माणसाची जन्मतारीख बघतो. वरच्याची जन्मतारीख कशाला, हे ज्याला कळत नाही त्याने नोकरी केलेली नाही असं खुशाल समजावं.

आमच्या शाखेत एकदा दोन कारकून एकाच दिवशी रुजू झालेले निघाले. हेड कॅशियरचा भत्ता कुणाला, हा प्रश्न आला. नियमाप्रमाणे जन्मतारीख पाहिली. दोघांचीही एक जून! आमच्या भागात निम्मी पिढी एक जूनला जन्मली आहे. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे, "जन्म कवाचा?" बाप म्हणायचा, "लई पाऊस झाला होता तवाचा." गुरुजी टाक बुडवून शांतपणे एक जून लिहायचे. त्या गुरुजींना काय कल्पना, की आपल्या या एका फटक्याने पुढे एका शाखेत दोन वर्षं पत्रव्यवहार चालेल आणि तो निकालात निघेपर्यंत दोघांपैकी एकजण बदलून गेलेला असेल!

आता योगायोग बघा. आमची एसटीसुद्धा एक जूनचीच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तिची पहिली गाडी सुटली. तिची जन्मतारीख मात्र खरी आहे, गुरुजींची नाही.

एसटीचा विषय काढला तो उगाच नाही. आमचा बीड जिल्हा दळणवळणाच्या बाबतीत म्हणजे वाटणीच्या वेळी नेमका आजोळी गेलेला मुलगा. परळीला रेल्वे आहे. पण खुद्द बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. याच तारखेला १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. मोकळं होणं आणि स्टेशनावर पोचणं यांत सत्त्याहत्तर वर्षांचं अंतर पडलं. विमानतळ तर नाहीच. विमान बघायचं तर अंगणात उभं राहून मान वर करायची. बाकी सगळा कारभार एसटीच्या आठ आगारांवर : बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, परळी, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी. आमच्यासाठी आकाशवाणी एक आणि आकाशयान म्हणजे लाल डबा.

अशा जिल्ह्यात माझा सख्खा भाचा पायलट झाला, याला तुम्ही काय म्हणाल? गाव म्हणालं, "जमीन जास्त झाली असंल." ते अगदीच खोटं नव्हतं. धुळे-सोलापूर महामार्गाच्या चौपदरीकरणात दाजींचं रान गेलं आणि मोबदला आला. शेजाऱ्यांनी त्यातून चारचाकी गाड्या घेतल्या. दाजींनी पोराला बारामतीला विमान शिकायला घातलं. मोबदला पुरला नाही म्हणून वर कर्ज काढलं. (मी बँकेत असल्यामुळे कर्जाचं सगळे मलाच विचारतात. मंजूर कुणी दुसराच करतो आणि हप्ता थकला की पुन्हा मलाच विचारतात.) थोडक्यात, जमीन रस्त्यात गेली आणि पैसा आकाशात गेला. मागे उरली आमची आक्का, आणि तिचं एकच म्हणणं : "नोकरी पक्की लागू दे म्हंजे झालं."

नोकरी लागली. २०१७ च्या एप्रिलात सरकारची 'उडान' योजना सुरू झाली. पहिल्याच दिवशी, २७ तारखेला, शिमल्याबरोबर आमच्या शेजारच्या नांदेडहूनही विमान उडालं. त्या लाटेत देशभर लहान गावांना जोडणाऱ्या लहान कंपन्या निघाल्या. त्यांतल्या दूरच्या एका राज्यातल्या कंपनीत हा चिकटला. कंपनीचं नाव मी घेत नाही. एक तर बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे नाव पाठ व्हावं इतके दिवस ती टिकलीच नाही. विमान दोन पंख्यांचं, बहात्तर आसनांच्या आसपासचं; म्हणजे दीड एसटी. यादीत त्याचा नंबर अकरावा होता. वरचे तीन-चार मोठ्या कंपन्यांत गेले की हा कॅप्टन होणार, असा आक्काचा हिशेब होता. वरचे तीन-चार गेलेही. पण त्यांच्या पाठोपाठ कंपनीही गेली.

अकरावा नंबर मग कुठे जमा करायचा? बँकेत खातं बंद केलं की शिल्लक तरी हातात देतात.

या धंद्यातली मेख अशी, की पायलटचे उडण्याचे तास त्याच्या वहीत राहतात आणि लायसन त्याच्या खिशात राहतं; नंबर मात्र कंपनीचा. दुसऱ्या कंपनीत गेलं की रांगेच्या शेवटी उभं राहायचं. भाचा दोन वर्षं घरी बसला आणि मग एका मोठ्या कंपनीत लागला. नंबर आला बाराशेच्या पुढे. ज्या पोराला त्याने जुन्या कंपनीत वारं कसं ओळखायचं ते दाखवलं होतं, तो याच्या आधी तिथे जाऊन बसल्यामुळे आता त्याला सिनियर. दोघं एका हॉटेलात उतरले की तो संकोचाने याला 'सर' म्हणतो आणि हा जास्त संकोचाने त्याला 'सर' म्हणतो. कुणीतरी तिसरा येऊन दोघांनाही 'सर' म्हणेपर्यंत जेवण सुरू होत नाही.

हा भाचा २०२५ च्या डिसेंबरात माझ्याकडे बारशाला आला होता. त्याच आठवड्यात देशभर विमानं रद्द होत होती. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पुरते लागू झाले होते : आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ तास झाली आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. त्या हिशेबाने माणसं लावणं इंडिगोला जमलं नाही आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजारावर उड्डाणं रद्द झाली. बारशाला आलेला प्रत्येक माणूस पाळण्यात डोकवायच्या आधी भाच्याला विचारत होता, "काय हो, विमानं कामून बंद पाडलीत?" जणू हाच जाताना किल्ली खिशात घालून आला होता.

संध्याकाळी ओट्यावर आमच्या शेजारचे आबा येऊन बसले. आबा एसटीत ड्रायव्हर. आगाराच्या यादीत पहिला नंबर. निवृत्तीला दोन महिने उरलेले. त्यांनी भाच्याला थेट मुद्द्याचा प्रश्न केला.

"कॅप्टनसायेब, तुमची ड्युटी कोण लावतं?"

"आबा, मी अजून कॅप्टन नाही. फर्स्ट ऑफिसर. शेजारच्या सीटवरचा."

"म्हंजे कंडक्टर?"

भाच्याच्या चेहऱ्यावरून महामार्गाचा सगळा मोबदला सरकून गेला. "नाही आबा. मीपण चालवतो. पण शेवटची जबाबदारी कॅप्टनची."

"मंग बरंय की. आमच्याकडं चालवायचं बी एकट्यानंच, आन् काय झालं तर पेपरात नाव बी एकट्याचंच."

ड्युटी कम्प्युटर लावतो, असं भाच्याने सांगितलं. महिन्याचं वेळापत्रक मोबाइलवर येतं. आबांनी त्यावर बराच विचार केला.

"मंग त्याला गाठायचं कुठं?"

"कुणाला?"

"त्या कम्प्युटरला. समज, माझ्या पोरीला बघायला पाव्हणे येणार हैत आन् मला मुक्कामी गाडी लागली. मी ड्युटीवाल्या सायबाला जाऊन सांगतो, सायेब, आज मुक्कामी नको. तो आधी वरडतो. मंग चष्मा काढतो, पुसतो आन् नाव बदलतो. तुमचा कम्प्युटर चष्मा काढतो का?"

भाचा म्हणाला, "पण आबा, तो साहेब चष्मा सगळ्यांसाठी पुसतो का?"

आबा हसले. "न्हाई. त्येचा मेव्हणा बी ड्रायव्हर हाय. मेव्हण्यासाठी तो चष्मा घालीतच न्हाई."

आणि मग दोघांची जी गाडी सुटली ती मी नुसती ऐकत बसलो. एकाची गाडी दोन हजार फुटांवरच्या बालाघाटावर चढणारी, दुसऱ्याची तीस हजार फुटांवर. पण बोली एकच निघाली. त्यांचं 'स्टँडबाय' ते यांचं 'स्पेअर'. त्यांचं 'नाइट हॉल्ट' ती यांची मुक्कामी. फरक एवढाच, की भाचा हॉटेलात झोपतो आणि आबा आयुष्यभर पारावर, देवळात किंवा गाडीतच झोपले. आबांच्या म्हणण्याप्रमाणे देवळातली झोप सगळ्यांत चांगली. फक्त काकडा लवकर असतो.

ड्युटी वाटायची तरी कशी, यावर मग परिसंवाद झाला. आबांच्या मते फेरी सगळ्यांत बरी : आज मुक्कामी, उद्या लोकल, परवा लांब पल्ला, असं चक्र फिरलं की कुरकुर होत नाही. भाच्याने अमेरिकेतली रीत सांगितली. तिकडच्या मोठ्या कंपन्यांत पायलट आपापली पसंती आधी कळवतात आणि वाटप यादीतल्या पहिल्या नंबरापासून खाली येतं. पहिल्याने हवं ते घ्यावं, उरलेल्यातलं दुसऱ्याने, आणि शेवटच्याच्या पानात जे पडेल ते. नाताळची सुट्टी सिनियरांना, नाताळच्या रात्रीचं विमान ज्युनियरांना. पंगतीतला शेवटचा माणूस कसा असतो, ते आम्हाला सांगायला नको. जिलबी त्याच्यापर्यंत येते ती वासाच्या रूपाने.

आबा गप्प झाले. तंबाखू मळायची थांबली.

"हे काय खरं न्हाई," ते म्हणाले. "पोरं बारकी असतेत, घरी थांबायची गरज असती, तवा नंबर खाली. आन् नंबर वर येतो तवा पोरं पुन्याला गेलेली असतेत. रिकाम्या घरात सकाळची ड्युटी करून दोपारी येऊन काय करायचं? भिंतीला गोष्टी सांगायच्या?"

आबांची दोन्ही मुलं पुण्याला आहेत.

मी विषय बदलण्यासाठी विश्रांतीच्या नियमाचं काढलं. नव्या नियमांबरोबर एक सूचनाही होती, की रजा दिली म्हणजे आठवड्याची विश्रांती दिली असं धरायचं नाही. विमानं रद्द व्हायला लागल्यावर तीच सूचना आधी मागे घेतली गेली. रजा म्हणजे विश्रांती की नव्हे, हा प्रश्न वरकरणी वेदान्तातला वाटेल, पण कुठल्याही नोकरदाराला विचारा. रजा काढून मी मेव्हणीच्या लग्नात चार दिवस पाण्याचे पिंप भरत होतो, ती विश्रांती होती काय? बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळाली. तेव्हापासून घरातली सगळी दळणं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असतात. ड्रायव्हर लोकांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असा दंडक घातला होता. आबांना मी तो वाचून दाखवला. त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे घाटात ट्रक आडवा पडला तर त्या ट्रकला बी ठाव असतंय का?"

पण खरी गंमत आली ती विलीनीकरणाच्या विषयावर. हा शब्द आबांच्या तोंडी फार आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो याच मागणीवर : एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा. साडेपाच महिने चालला. निलंबनं झाली, बडतर्फ्या झाल्या. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ही तारीख घालून दिली, माणसं कामावर परतली, विलीनीकरण काही झालं नाही. तेव्हा आबा भाच्याला म्हणाले, "तुमच्या लायनीत बी विलीनीकरण मागतेत का?"

"मागतात?" भाचा दचकून म्हणाला. "आमच्याकडे विलीनीकरण म्हटलं की झोप उडते!"

आणि त्याने कारण सांगितलं. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक यादी करावी लागते. एकीतला शंभरावा आणि दुसरीतला शंभरावा, यांत वर कोण? २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. विमानांवर एकच नाव आलं, पायलटांच्या संघटना दोन त्या दोनच राहिल्या. २०११ साली एकीने संप केला, २०१२ साली दुसरीने. दुसरीचा अठ्ठावन्न दिवस चालला, आणि त्याच्या मुळाशी होतं नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण : ते आधी कुणाला? न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसवावी लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात मिसळली, तेव्हाही विमानापेक्षा यादीचीच चर्चा जास्त. अमेरिकेत तर कहरच झाला. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. एकीकडचे पायलट म्हणाले, रुजू तारखेप्रमाणे लावा. दुसरीकडचे म्हणाले, मग आमचा कॅप्टन तुमच्या बिनकामाच्या माणसाखाली जाईल. लवाद नेमला, २००७ साली त्याने यादी दिली, आणि त्या यादीवरून कोर्टकचेऱ्या अशा पेटल्या की पुढे कित्येक वर्षं एकाच कंपनीचे पायलट दोन वेगळ्या चुली मांडून होते.

हे ऐकताना मला आमच्या मराठवाड्यातली हैद्राबाद बँक आठवली. निजामाच्या राज्यात १९४१ साली निघालेली. पुढे तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली ती स्टेट बँकेत विलीन झाली. तारीख होती १ एप्रिल. गावातले म्हातारे काउंटरवर विचारायचे, "पासबुक बदलायचं का?" काउंटरच्या आतली माणसं हलक्या आवाजात एकमेकांना दुसरंच विचारायची. घरात नवी सून आली की सासूला वाटतं माणूस वाढलं. जावांना वाटतं नंबर हलला.

"म्हंजे बघ," आबा म्हणाले, "आमी साडेपाच म्हैने उपाशी राहून जे मागितलं, त्येचं तुमाला भ्याव. देव बी लई गमती करतो."

एवढं बोलणं झाल्यावर भाच्याने पोटातली गोष्ट ओठांवर आणली. तो बारशाला आलेलाच नव्हता. तो सल्ला विचारायला आला होता. एक नवी कंपनी निघत होती आणि ती त्याला थेट कॅप्टन करायला तयार होती. खांद्यावर चार पट्ट्या, पगार जवळजवळ दुप्पट. कर्ज अजून फिटायचं होतं, घरी वर्षाची मुलगी होती. पण जायचं म्हणजे इथला नंबर सोडायचा. नवी कंपनी चालली तर हा तिथे पहिल्या दहात. बुडाली तर पुन्हा तिसऱ्यांदा रांगेच्या शेवटी, आणि तोवर वय चाळिशीला टेकलेलं.

आक्का म्हणाली, "आता नको रे बाबा नवीन. आहे ते धर." दाजी म्हणाले, "जमीन एकदाच रस्त्यात जाते. पुन्हा मोबदला मिळायचा नाही." बायको म्हणाली, "कुठेही गेलात तरी घरी किती दिवस, एवढं सांगा." या सगळ्यांत अर्थशास्त्र तिचंच पक्कं होतं.

मी बी.कॉम. असल्यामुळे पावतीपुस्तकाच्या पाठीवर दोन बाजू आखल्या. जमा : पट्ट्या, पगार, कर्जफेड. नावे : नंबर, भरवसा, आक्काची झोप. बेरीज मारायला गेलो आणि अडलो. आक्काच्या झोपेला किंमत काय लावायची, हे आम्हाला शेवटच्या वर्षापर्यंत शिकवलं नव्हतं.

आबा म्हणाले, "मी सांगतो माझं. मला बी एक ट्रॅव्हल्सवाला बोलवायला आलता. पगार दीडपट. मी म्हनलं, न्हाई, माझा नंबर हाय. माझा दोस्त गेला. दोन वर्सांत त्या ट्रॅव्हल्सवाल्यानं गाड्या इकल्या."

"बघ!" आक्का म्हणाली.

"पुरं ऐका की. त्यातली एक गाडी माझ्या दोस्तानंच इकत घेतली. आज त्येच्या सोताच्या तीन हैत."

आक्का गप्प झाली.

"आन् मी हितं यादीत पहिला. लई वर्सं वाटायचं, वर गेल्यावर काय दिसत आसंल. आता गेलो तर काय दिसतंय? आगाराचं गेट दिसतंय. भायेर जायचं." आबांनी तंबाखू शेवटी तोंडात टाकली. "तरी मी चुकलो आसं मी म्हनत न्हाई. संपात पगार बंद झाला तवा यादी कामाला आली न्हाई, किराणावाल्यानं वही बंद केली न्हाई म्हनून जगलो. त्यो वही उघडी का ठिवला? तर हा मानूस इतकी वर्सं हितंच हाय, हितंच राहणार, हे त्येला ठाव होतं. आता तूच बघ बाबा. नंबर त्यांचा हाय, लायसन तुजं हाय. डोळे, बीपी, झोप, ते आधी जप. ते गेलं तर दोन्ही कंपन्या तुला चहा बी पाजणार न्हाईत."

भाचा रात्रभर ओट्यावर येरझारा घालत होता. सकाळी म्हणाला, "मामा, मी आहे तिथेच राहतो." कारण विचारलं तर म्हणाला, "मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत तरी. मग बघू." मला तो निर्णय बरोबर वाटला. त्याने उलटा निर्णय घेतला असता तर तोही बरोबर वाटला असता. कारकुनाला हातात पास झालेलं व्हाउचर आलं की ते बरोबरच वाटतं.

फेब्रुवारीत आबा निवृत्त झाले. शेवटच्या फेरीला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. स्टँडवर शिरताना त्यांनी हॉर्न जरा जास्तच वाजवला आणि ड्युटीवाल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी आगारात सगळ्यांचे नंबर एकाने वर सरकले. आबा हल्ली पहाटे चारला उठतात, अंगण झाडतात आणि साडेपाचला पहिली गाडी घाटाकडे वळते तेव्हा फाटकात उभे राहून तिचा आवाज ऐकतात. "गिअर उशिरा टाकला," एवढंच म्हणतात आणि आत जातात.

भाच्याचा नंबरही हलतो आहे. आक्का दर रविवारी फोनवर आता 'जेवलास का' विचारत नाही. 'कितवा?' एवढंच विचारते. मागच्या खेपेला चौदांनी वर गेला होता, तर तिने गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे, असं शेजारणीने विचारलं. आक्का म्हणाली, "चौदाजण गेले." शेजारणीने पेढा परत ठेवला. मग तिला सगळा खुलासा करावा लागला, की गेले म्हणजे काही निवृत्त झाले, काही दुसऱ्या कंपनीत गेले, सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत.

तेव्हापासून आक्काच्या मनाला मात्र बोच लागली आहे. आपलं मूल वर सरकावं म्हणून प्रार्थना करायची, तर ती वरच्या कुणीतरी जावं म्हणूनच होते. श्रावणी सोमवारी ती परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेली होती, मीही बरोबर होतो. रांगेत आमचा नंबर बराच मागे होता, त्यामुळे नवसाची भाषा नीट जुळवायला तिला भरपूर वेळ मिळाला. गाभाऱ्यात पोचल्यावर ती हात जोडून बराच वेळ पुटपुटत होती आणि मागचे लोक ढकलत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस?

"काही नाही," आक्का म्हणाली. "म्हटलं देवा, त्या वरच्या बाराशे जणांना चांगली तब्येत दे, त्यांच्या लेकरांची लग्नं होऊ देत, नातवंडं होऊ देत, आणि त्या नातवंडांचा त्यांना असा लळा लागू दे, की त्यांनी आपण होऊन घरी बसावं."